लाईन गेली तं फाईल कुठं जाते? नेटवर्क फाईल सिस्टीमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीच्या बाजूला आमची छोटी शेतकरी कंपनी आहे, कापूस अन् तूर घेते, दोन गावांत दोन काटे, मधात नऊ किलोमीटर रस्ता. कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडे. काटापावत्या, सातबाऱ्याचे स्कॅन, बँकेत द्यायच्या याद्या हे सगळं आधी पेनड्राइव्हवर फिरायचं, मग मी नेटवर्कवर एक सामायिक फोल्डर टाकलं, आणि तेव्हापासून आजूबाजूचे सेवा केंद्रवाले, अभ्यासिकेतले पोट्टे, शाळेतले सर सगळे तेच तेच प्रश्न विचारून राहिले. फोनवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो.

नेटवर्क फाईल सिस्टीम म्हणजे शेअर केलेलं फोल्डरच ना?

दिसायला हो. आणि तसंच दिसावं हीच तर सगळी मेहनत आहे. सन मायक्रोसिस्टीम्स या कंपनीनं १९८४ च्या सुमारास एनएफएस (नेटवर्क फाईल सिस्टीम याच नावाची त्यांची सिस्टीम) काढलं तेव्हा हेतूच हा होता की प्रोग्रामला कळूच नये, डिस्क याच मशीनमधे आहे का वायरच्या पलीकडे. पण आतून फरक फार मोठा आहे भाऊ. आपल्या मशीनची डिस्क एकतर चालते नाहीतर बंद पडते, दोनच गोष्टी. नेटवर्कवर तिसरी गोष्ट होते: तुम्ही म्हणालात "हे लिहून ठेव" आणि उत्तरच आलं नाही. आता ते लिहिलं गेलं का निरोप वाटेतच हरवला, का लिहिलं पण "झालं" हा निरोप हरवला? इकडून कळायला मार्गच नाही. माझ्या मते हा पूर्ण विषय याच एका अडचणीभोवती फिरतो, उत्तर आलं नाही तर थांबायचं का पुढं जायचं, आणि प्रत्येक फाईल सिस्टीमनं आपापल्या परीनं याचा सौदा केलेला आहे. म्हणून "सगळ्यात चांगली कोणती" विचारू नका, तुम्हाला काय गमावलेलं चालेल ते आधी सांगा.

गुगल ड्राइव्ह फुकट आहे, मंग हे काहून?

ड्राइव्हसारख्या गोष्टी बहुतेक करून प्रती पोचवतात. प्रत्येकाकडे आपली प्रत, ती मागाहून जुळवली जाते. फाईल सिस्टीममधे एक नाव म्हणजे एकच फाईल, आणि लॉक लावून "मी लिहून राहिलो, तू थांब" असं सांगता येतं. दुसरं म्हणजे अंतर. फायबरमधे प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, नागपूर ते मुंबई ८०० किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन ८ मिलीसेकंद नुसते वाटेतच, आणि आपल्याकडच्या लाईनवर प्रत्यक्षात ३० तरी लागतात. फोल्डरमधे २००० पावत्या असतील आणि प्रत्येकीची माहिती एकेक करून विचारली तर तिथं एक मिनिट गेलं. त्याच खोलीतल्या नेटवर्क स्विचवर, म्हणजे मशीनच्या वायरी जोडायच्या डब्यावर, ०.३ मिलीसेकंद लागतात, म्हणजे अर्ध्या-पाऊण सेकंदात काम. अन् रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली की दोन दिवस नेट नाही, पण काट्यावर गाड्यांची रांग तर लागलेलीच असते.

मी फाईल बदलली, बाजूच्या मशीनवर जुनीच दिसते. बिघडलं का?

नाही, तसंच बनवलेलं आहे. हे जरा सावकाश समजून घ्या, कारण निम्मे प्रश्न इथूनच निघतात.

तलाठ्याकडे मूळ नोंद असते. तुम्ही सातबारा काढून आणला, घरी पेटीत ठेवला. मधात फेरफार झाला. आता तुमच्या पेटीतला कागद जुना, पण तुम्हाला कसं कळणार? दोनच मार्ग आहेत. एक, तुम्ही दर थोड्या दिवसांनी जाऊन विचारायचं "काही बदललं का". दोन, तलाठ्यानं वहीत लिहून ठेवायचं कोणी कोणी नक्कल नेली, आणि बदल झाला की कोतवालाला घरोघर पाठवायचं. कॉम्प्युटरमधली कॅश (cache) म्हणजे तुमच्या पेटीतली नक्कल. ती ठेवली नाही तर प्रत्येक वेळी तलाठी कार्यालयात चक्कर, आणि तितका वेळ कोणाजवळच नाही.

एनएफएस पहिल्या मार्गानं जातं. लिनक्सवर फाईलची माहिती कमीत कमी ३ सेकंद आणि जास्तीत जास्त ६० सेकंद जुनी चालवून घेतली जाते, फोल्डरची ३० ते ६० सेकंद. वरून एक वचन असतं: एकानं फाईल लिहून बंद केली, त्यानंतर दुसऱ्यानं ती नव्यानं उघडली, तर त्याला नवीनच दिसेल. म्हणून मी सगळ्यांना हेच सांगतो की काम झालं की फाईल बंद करा आणि समोरच्याला पुन्हा उघडायला लावा, दोघांनी दिवसभर उघडी ठेवून एकमेकांचं पाहत बसलात तर कसलंच वचन नाही.

दुसरा मार्ग एएफएसचा, म्हणजे अँड्र्यू फाईल सिस्टीमचा. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठानं आयबीएमसोबत १९८३ च्या आसपास हे काम सुरू केलं, अँड्र्यू नाव कार्नेगी आणि मेलन या दोघांच्या पहिल्या नावावरून. त्यांनी सुरुवातीला प्रत्येक वेळी फाईल उघडताना सर्व्हरला विचारायची पद्धत ठेवली होती, आणि सर्व्हर बिचारा "नाही बदललं, नाही बदललं" एवढंच सांगण्यात दमून जायचा, एकावर २० च्या आसपास मशीन झेपायच्या. मग कोतवालाची पद्धत आणली, ते त्याला कॉलबॅक म्हणतात, आणि तोच आकडा ५० च्या घरात गेला. पण याची किंमत आहे. सर्व्हरला आता कोणाजवळ काय आहे ते लक्षात ठेवावं लागतं, तो बंद होऊन चालू झाला की वही कोरी, म्हणजे सगळ्यांच्या पेटीतल्या नकला संशयाच्या, सगळ्यांनी परत येऊन तपासायच्या. आणि एएफएसमधे दोघांनी एकच फाईल बदलली तर जो शेवटी बंद करेल त्याची राहते, पहिल्याची मेहनत गेली.

सर्व्हर बंद पडला की सगळे कॉम्प्युटर लटकतात, माऊस फिरते पण फाईल उघडत नाही. हे बंद करता येते का?

येतं. पण करू नका. मी केलं होतं आणि त्याचा मला अजून त्रास होतो.

एनएफएसचं फोल्डर आपल्या मशीनला जोडताना (त्याला माउंट करणं म्हणतात) हार्ड आणि सॉफ्ट असे दोन पर्याय असतात. हार्ड म्हणजे सर्व्हर उत्तर देईपर्यंत क्लायंट, म्हणजे फाईल मागणारी मशीन, विचारतच राहतो, तास असो की दिवस, आणि प्रोग्राम तिथंच उभा. सॉफ्ट म्हणजे काही वेळा विचारून झाल्यावर प्रोग्रामला "एरर" सांगून मोकळं. ऐकायला सॉफ्ट शहाणं वाटतं. पण बरेचसे प्रोग्राम लिहिताना आलेली एरर पाहतच नाहीत, कारण लिहिणाऱ्यानं घरची डिस्क डोळ्यापुढं ठेवलेली असते. एका डिसेंबरात लाईन सारखी जात होती, लोक कंटाळले, मी सॉफ्ट लावलं. चुकाऱ्याची यादी सेव्ह करताना स्विच झटक्यानं बंद झाला, फाईल अर्धी लिहिली गेली, कोणाला दिसलं नाही, आणि यादीच्या शेवटचे काही शेतकरी बँकेतून रिकाम्या हातानं परत आले. त्यातल्या एका काकांनी दोन गावं पायी पार केली होती. तेव्हापासून जिथं लिहायचं तिथं हार्डच, लटकलं तर लटकू द्या, लटकलेली मशीन निदान खोटं तरी बोलत नाही. नुसतं वाचायचं असेल, अभ्यासिकेत पीडीएफ वगैरे, तिथं सॉफ्ट चालेल.

एक गोष्ट मला या जुन्या एनएफएसची खरंच आवडते. पहिल्या आवृत्त्यांमधे सर्व्हर काहीच लक्षात ठेवत नव्हता, कोणी कोणती फाईल उघडली वगैरे. प्रत्येक विनंती आपल्यात पूर्ण असायची: "या फाईलचे ४०९६ व्या बाइटपासून एवढे बाइट दे". म्हणून सर्व्हर मेला, पुन्हा उठला, तरी क्लायंटनं तीच विनंती परत पाठवली की गाडी तिथूनच पुढं. दोनदा वाचलं काय, तेच तिथंच दोनदा लिहिलं काय, निकाल तोच. फक्त डिलीटसारख्या कामात गोंधळ व्हायचा, पहिल्यांदा डिलीट झालं, उत्तर हरवलं, दुसऱ्यांदा विचारलं तर "अशी फाईलच नाही", म्हणून सर्व्हर अलीकडच्या विनंत्यांची उत्तरं थोडी आठवणीत ठेवतात.

लाईन आली, सर्व्हर चालू झाला, तरी दीड मिनिट फाईल उघडत नाही. असं काहून?

काही लक्षातच ठेवायचं नाही म्हटलं तर लॉक कसा सांभाळणार? म्हणून एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीनं, ती २००० मधे आली, सर्व्हरला लक्षात ठेवायला लावलं. पण लॉक घेणारी मशीनच बंद पडली तर? म्हणून लॉक मक्त्यानं दिल्या जातो, जसं वावर मक्त्यानं देतात, मुदत संपली आणि नूतनीकरण नाही केलं की मालकाकडे परत. लिनक्सवर ही मुदत ९० सेकंदांची असते. सर्व्हर नव्यानं उठला की तो तेवढाच वेळ जुन्या मक्तेदारांना संधी देतो, "तुमचा लॉक होता तर सांगा", आणि तोवर नवीन कोणाला देत नाही. तेच तुमचं दीड मिनिट. चहा घ्या, रीस्टार्ट करू नका, पुन्हा केलं तर पुन्हा ९० सेकंद.

एकानं सांगितलं सर्व्हरवर असिंक लावा, एकदम फास्ट होते. ठेवू का?

आपल्या भागात तर अजिबात नाही.

एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत नियम होता, डेटा डिस्कवर पोचल्याशिवाय सर्व्हरनं "झालं" म्हणायचं नाही. सुरक्षित, पण फार हळू. १९९५ ची तिसरी आवृत्ती इथं हुशार निघाली. क्लायंट डेटा पाठवत राहतो, सर्व्हर मेमरीत घेऊन "मिळालं" म्हणतो, शेवटी क्लायंट म्हणतो "आता पक्कं कर", तेव्हा डिस्कवर उतरवून सर्व्हर "पक्कं" म्हणतो, आणि तोपर्यंत क्लायंट आपली प्रत टाकत नाही. प्रत्येक उत्तरासोबत सर्व्हर एक खूण पाठवतो, रीस्टार्ट झाला की ती खूण बदलते, क्लायंटला लगेच कळतं की मधात लाईन गेली होती आणि तो सगळं परत पाठवतो. किती सुंदर विचार आहे हा.

असिंकनं हीच गोष्ट मोडते. सर्व्हर मेमरीत असतानाच "पक्कं" म्हणतो, क्लायंट विश्वासानं प्रत टाकून देतो, तेवढ्यात डीपी जळते. गेलं, दोन्हीकडून गेलं, आणि कुठं एररही नाही. लिनक्सवर आता सिंक, म्हणजे डिस्कवर उतरल्यावरच "पक्कं" म्हणणं, हेच डिफॉल्ट आहे, त्याला हात लावू नका. स्पीड पाह्यजे तर जुनी डिस्क काढून एसएसडी टाका आणि छोटा का होईना यूपीएस लावा जो बॅटरी संपायच्या आधी सर्व्हरला स्वतःहून बंद करेल.

सांबा का एनएफएस?

विंडोज मशीन जास्त तर सांबा, सगळं लिनक्स तर एनएफएस. सांबा हे सॉफ्टवेअर अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास सुरू केलं, त्याच्यामुळे विंडोजची फाईल शेअर करायची एसएमबी भाषा लिनक्सला बोलता येते. फक्त एक, एसएमबीची पहिली आवृत्ती बंद ठेवा, मे २०१७ मधे वॉनाक्राय व्हायरस तिच्यातल्याच भोकातून जगभर शिरला होता. जुना स्कॅनर तिच्याशिवाय चालत नसेल तर स्कॅनर वेगळ्या वायरवर काढा.

मराठीत फाईलचं नाव दिलं तं "नाव फार लांब" म्हणते, विंडोजवर तं चालते!

हा प्रश्न मला फार उशिरा सुटला म्हणून सांगतो. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्कवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, अक्षरं नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खाते, मात्रा वेगळी, हलन्त वेगळा. "शेतकरी" म्हणजे सहा चिन्हं, १८ बाइट. "क्षे" एकटंच १२ बाइट. म्हणजे ८५ चिन्हांत खेळ संपला, आणि आपण तर शेतकऱ्याचं पूर्ण नाव, गाव, गट नंबर, पीक, तारीख सगळं नावातच घालतो. विंडोज वेगळ्या पद्धतीनं मोजते म्हणून तिथं चालून जाते. मराठीत नावं देणं सोडू नका, फक्त गावाचं फोल्डर करा आणि नाव आटोपशीर ठेवा.

एक सर्व्हर जळला तं सगळं संपलं. दोन ठेवले तं?

दोन ठेवलेत आणि मधली वायर तुटली तर दोघांनाही वाटते की समोरचा मेला. दोघंही लिहू लागतात. वायर जोडली की एकाच नावाच्या दोन वेगळ्या फाईली, आणि खरी कोणती हे कोणीच सांगू शकत नाही. याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात.

यावरचा उपाय गावात सगळ्यांना माहीत आहे: कोरम. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १००, जे कमी असेल तेवढे लागतात. इथं निम्म्याहून जास्त लागतात, तिनापैकी दोन, पाचापैकी तीन, कारण दोन वेगवेगळे गट एकाच वेळी निम्म्याहून जास्त असूच शकत नाहीत. चार ठेवून फायदा नाही, चारातही एकच गेलेला चालतो, तिनातही एकच. एक फरक मात्र लक्षात ठेवा, ग्रामसभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला कोरम लागत नाही, इथं तशी सवलत दिली की डेटा फुटलाच समजा. कोरम नसेल तर लिहिणं बंद, काटा थांबला तरी बंद. एरिक ब्रुअर या संगणकशास्त्रज्ञांनी २००० मधे हेच मांडलं आणि २००२ मधे गिल्बर्ट आणि लिंच यांनी सिद्ध केलं की नेटवर्क तुटलेलं असताना सगळ्यांना एकसारखं दिसणं आणि सगळ्यांचं काम चालू राहणं, दोन्ही एकदम मिळत नाही.

तिसऱ्या मशीनला पैसे नाहीत म्हणाल तर ग्लस्टर म्हणून अनेक मशीनच्या डिस्क जोडून एक फाईल सिस्टीम करणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात आर्बिटर नावाची सोय आहे, तिसरी मशीन फाईलींची नावं अन् नोंदी तेवढ्या ठेवते, डेटा नाही, तिचं काम फक्त मत देणं. जुना डबा चालतो.

मंग ग्लस्टर लावू का तसलंच दुसरं ते सेफ (Ceph) लावू?

ग्लस्टर आनंद बाबू पेरियासामी यांच्या टीमचं, फाईलच्या नावावरूनच गणित करून ती कोणत्या डिस्कवर आहे ते काढते, त्यामुळे यादी ठेवणारा वेगळा सर्व्हर लागत नाही. छान, पण फोल्डरची यादी पाहिजे म्हटलं की सगळ्या डिस्कना विचारत फिरावं लागते, हजारो छोट्या पावत्यांना ते जड जाते. २०११ मधे रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीनं ग्लस्टरची कंपनी घेतली, पण त्यांनी त्यावरचं आपलं प्रॉडक्ट २०२४ अखेर बंद केलं, म्हणून आज नव्यानं लावताना विचार करा. सेफ हे सेज वाइल यांच्या पीएचडीतून आलं, २००६ मधे मांडलं, फार भक्कम आहे, डिस्क मेली तर स्वतःच बाकीच्यांवर प्रती करून घेते. पण एकेका डिस्कमागे डिफॉल्टनं ४ जीबी रॅम धरते, निदान तीन मशीन लागतात, आणि ते बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस लागतो. तालुक्याच्या गावात तो माणूस तुम्हीच असाल. चार कॉम्प्युटरसाठी नको.

गुगल म्हणे फाईलींचे ६४ एमबीचे तुकडे करायचं, आपण तसंच काहून नाही करत?

त्यांची गरज वेगळी होती. २००३ मधे त्यांनी आपली जी फाईल सिस्टीम मांडली तिच्यात फाईली प्रचंड मोठ्या, मागं जोडत जायचं अन् सलग वाचायचं, म्हणून ६४ एमबीचे तुकडे, प्रत्येकाच्या तीन प्रती, आणि कोणता तुकडा कुठं याचा सगळा हिशोब मास्टर नावाच्या एकाच मशीनच्या मेमरीत. तुकडे मोठे म्हणून हिशोब छोटा. हडूप या मोठ्या डेटासाठीच्या सॉफ्टवेअरनं तेच उचललं. आपल्या पावत्या ४०-५० केबीच्या, तिथं लाखो छोट्या फाईलींनी मास्टरचीच मेमरी भरेल.

दोन गावांच्या मधातली नेटची लाईन सारखी तुटते. तिथं काय?

तिथं मी एक फाईल सिस्टीम ताणत नाही. तुटलेलं असतानाही काम चालू राहिलंच पाह्यजे, म्हणजे कधीतरी दोन्हीकडे वेगळं लिहिलं जाणार हे मान्य करूनच बसायचं. हा रस्ता कोडा या सिस्टीमनं दाखवला, १९८७ पासून कार्नेगी मेलनमधेच, महादेव सत्यनारायणन यांच्या हाताखाली, ते आपल्या आयआयटी मद्रासमधे शिकलेले. लागणाऱ्या फाईली आधीच साठवून ठेवायच्या, तुटल्यावर त्यांच्यावरच काम करायचं, जोडलं की केलेले बदल सर्व्हरवर चढवायचे, भांडण झालं तर माणसाला दाखवायचं. पेरणीआधी घरात बियाणं भरून ठेवतो तसंच.

आम्ही सिंकथिंग वापरतो, दोन मशीनवरचे फोल्डर आपोआप जुळवणारा प्रोग्राम. दोन्ही गावांत आपापला सर्व्हर, आणि भांडणच होऊ नये म्हणून पावतीचे नंबर वाटून दिले, एका काट्याचे "अ" पासून, दुसऱ्याचे "ब" पासून. एका काट्याच्या फोल्डरमधे दुसऱ्यानं लिहायचं नाही. दहा वर्षांचं संशोधन एका बाजूला आणि हा साधा नियम एका बाजूला, पण याच्यानंतर पावत्यांचं एकही भांडण झालं नाही. सामायिक याद्यांचं होते कधी, तेव्हा सिंकथिंग ज्या फाईलची वेळ जुनी तिचं नाव बदलून बाजूला ठेवते. म्हणून घड्याळ सांभाळा. जुन्या मशीनचा बोर्डावरचा सेल गेला की लाईन आल्यावर ती कुठल्या कुठल्या सालात उठते, आणि मग ताजी फाईलच जुनी ठरते. सेल फार स्वस्त येतो, दिवाळीच्या साफसफाईत बदलून टाका.

हिशोबाच्या सॉफ्टवेअरची डेटाबेस फाईल या फोल्डरमधे ठेवू का?

एसक्यूलाइटसारखी, म्हणजे सगळा डेटाबेस एकाच फाईलमधे, असेल तर नाही. तिचा सगळा भरवसा लॉकवर, आणि नेटवर्कवरचे लॉक सगळीकडे सारखे पक्के नसतात, तिचा वाल (WAL) नावाचा मोड, बदल आधी वेगळ्या फाईलमधे लिहायची पद्धत, तर नेटवर्क फाईल सिस्टीमवर चालतच नाही. डेटाबेस एकाच मशीनवर ठेवा आणि बाकीच्यांनी त्या मशीनवरच्या प्रोग्रामला विचारावं.

दोन ठिकाणी प्रती आहेत, मंग बॅकअप कायले?

कारण चुकून डिलीट केलेली फाईल दोन्ही ठिकाणाहून तितक्याच इमानदारीनं डिलीट होते. व्हायरसनं खराब केलेली पण. बॅकअप म्हणजे कालची, परवाची, मागच्या महिन्याची प्रत, जिला आजची चूक पोचत नाही. आम्ही दोन यूएसबी डिस्क आळीपाळीनं वापरतो, एक नेहमी वायरपासून सुटलेली आणि दुसऱ्या गावी कपाटात, कारण मृगाच्या पावसात वीज पडली तर जोडलेलं सगळं एकदम जाते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी वहीतून डोळे मिटून एक पावती नंबर काढतो, ती फाईल कपाटातल्या डिस्कवरून परत आणतो आणि वजन कागदाच्या पावतीशी जुळवतो. जुळलं की डिस्कवर मार्करनं तारीख टाकतो आणि परत कपाटात.